घड्याळाविरुद्ध एकटा

२०११ च्या जनगणनेनुसार नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांच्या वर आहे. एकट्या नाशिक शहराची १४ लाख ८६ हजार. युरोपातल्या स्लोव्हेनिया या देशात सगळी मिळून २१ लाखांच्या आसपास माणसे राहतात, तर लक्झेंबर्गमध्ये सात लाखांहूनही कमी. म्हणजे आपल्या जिल्ह्यात स्लोव्हेनिया जवळजवळ तीनदा बसेल आणि आपल्या शहरात लक्झेंबर्ग दोनदा. तरीही सायकलच्या दुनियेत सर्वांत मानाची समजली जाणारी टूर द फ्रान्स या दोन देशांच्या सायकलपटूंनी २०२५ पर्यंत नऊ वेळा जिंकली आहे. लक्झेंबर्गच्या नावावर पाच विजय आहेत, स्लोव्हेनियाच्या नावावर चार.

हा हिशेब मांडण्याचे कारण घरचेच आहे. गेल्या दहा वर्षांत लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतींत नाशिकचे नाव पुन्हा पुन्हा येत राहिले. अमेरिका आडवी पार करण्याची शर्यत पुरी करणारी पहिली भारतीय जोडी नाशिकची. तीच शर्यत एकट्याने पुरी करणारा पहिला भारतीय सायकलपटूही नाशिकमध्ये राहून सराव करणारा. या यशाचे सत्कार झाले, कमानी लागल्या, वर्तमानपत्रांनी पाने दिली. पण हे नाशिकलाच का घडले आणि यापुढे घडत राहील का, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. मी कोणत्याही विद्यापीठाचा संशोधक नाही. सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर बसून आणि इंटरनेटवरची जुनी निकालपत्रके चाळून जे हाती लागते ते जुळवत बसण्याची सवय आहे, एवढेच. त्या जुळवाजुळवीतून या प्रश्नाचे जे उत्तर मला दिसते, ते या लेखात मांडतो. त्यासाठी आधी थोडे दूर जावे लागेल.

घोळका आणि एकटा

रस्त्यावरची सायकल शर्यत दोन प्रकारची असते. एकीत सगळे स्पर्धक एकदम सुटतात आणि जो पहिला पोचेल तो जिंकतो. दुसरीत प्रत्येकाला ठरावीक अंतराने, मिनिटा-दोन मिनिटांनी, एकेकटे सोडतात आणि ज्याला सर्वांत कमी वेळ लागेल तो जिंकतो. या दुसऱ्या प्रकाराला टाइम ट्रायल म्हणतात. फ्रेंच लोक तिला घड्याळाविरुद्धची शर्यत म्हणतात, आणि मला ते नाव अधिक नेमके वाटते.

दोन्हींतला फरक वाऱ्याचा आहे. सपाट रस्त्यावर वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बहुतेक ताकद हवा कापण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि तो मोडायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३० किलोमीटरवरून ४० वर जायचे तर वेग वाढतो एक तृतीयांशाने, पण हवेशी झगडायला लागणारी शक्ती सव्वादोन पटींहूनही जास्त होते. दुसऱ्याच्या चाकामागे चाक लावून चालणाऱ्याचे यातले बरेचसे कष्ट वाचतात. म्हणून घोळक्याच्या शर्यतीत साथीदार लागतात. कुणी वारा अंगावर घ्यायचा, कुणी पाण्याच्या बाटल्या आणायच्या, कुणी प्रतिस्पर्ध्यांच्या मागे धावायचे, आणि शेवटी या सगळ्यांच्या जिवावर एकाने जिंकायचे. दिंडीत चालणाऱ्याला दिंडीच पुढे नेते, तसेच हे. पण ज्याची दिंडीच नाही, त्याने काय करायचे?

टाइम ट्रायलमध्ये त्याला उत्तर मिळते. तिथे कुणाच्या मागे लागायला बंदी असते. वारा सगळ्यांना सारखाच अंगावर घ्यावा लागतो. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेच्या घोळक्याच्या शर्यतीत बलाढ्य देश आठ-आठ सायकलपटू उतरवतात, तर लहान देशाच्या वाट्याला कधी एकच जागा येते. टाइम ट्रायलला मात्र मोठ्या देशालाही सर्वसाधारणपणे दोनच जागा मिळतात.

बंदीतून जन्मलेली शर्यत

या प्रकाराचा जन्म मोठा गमतीचा आहे. १८९० च्या दशकात इंग्लंडच्या रस्त्यांवर सायकल शर्यतींमुळे घोडे बुजत, गाड्यावाल्यांशी भांडणे होत, पोलीस पकडून नेत. तिथल्या राष्ट्रीय सायकल संघटनेने धास्ती घेतली, की या शर्यतींपायी सरकार रस्त्यावर सायकल चालवायलाच मनाई करील. तिने रस्त्यावरच्या शर्यतींकडे पाठ फिरवली आणि सभासदांना धावपट्टीवर जायला सांगितले. तेव्हा एफ. टी. बिडलेक या गृहस्थांनी १८९५ साली एक तोड काढली. सगळ्यांनी एकदम सुटायचे नाही. एकेकट्याने, अंतर ठेवून, भल्या पहाटे निघायचे. अंगावर काळे कपडे, म्हणजे लांबून पाहणाऱ्याला वाटावे की कुणी आपल्या कामाला चालला आहे. पुढच्या काळात मार्गांची नावेही छापली जात नसत. प्रत्येक मार्गाला अक्षरे आणि आकडे यांचा सांकेतिक क्रमांक असे आणि तो जाणकारांनाच कळे.

अशी ही चोरून खेळायची शर्यत इंग्लंडात पन्नास वर्षे टिकली, आणि घोळक्याची शर्यत तिथे जवळपास बंदच राहिली. पर्सी स्टॅलर्ड या सायकलपटूने १९४२ च्या जूनमध्ये लँगोलेन ते वुल्व्हरहॅम्प्टन अशी उघड शर्यत भरवली, तेव्हा कुठे ती कोंडी फुटायला लागली. बंदीचा एक फायदा मात्र झाला. दर आठवड्याला भरणाऱ्या या लहानशा शर्यतींमुळे इंग्लंडातल्या गावोगावच्या क्लबांकडे वेळेच्या वह्या साठल्या. कोणता मुलगा दहा मैल किती मिनिटांत गेला, गेल्या वर्षी किती लागली होती, त्याच्या बापाला किती लागली होती, हे सगळे कागदावर राहिले. या वह्यांकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

ऑलिंपिकमध्येही सुरुवातीला हीच पद्धत होती. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमधली रस्त्यावरची शर्यत म्हणजे मेलारेन सरोवराभोवतीची तीनशे किलोमीटरांहून मोठी टाइम ट्रायल होती. पहिला गडी पहाटे दोन वाजता सोडला होता. जिंकला तो दक्षिण आफ्रिकेचा रुडॉल्फ लुईस, पावणेअकरा तासांच्या थोड्या आत. सायकलींचे कारखाने आणि मोठमोठे क्लब असलेले युरोपातले देश मागे राहिले. टूर द फ्रान्समध्ये १९३४ साली पहिली वैयक्तिक टाइम ट्रायल झाली. जागतिक अजिंक्यपदात तिला १९९४ पासून स्थान मिळाले आणि १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये घोळक्याच्या शर्यतीच्या जोडीला ती स्वतंत्रपणे येऊन बसली.

साथीदार नसलेला विजेता

लहान देशाला घड्याळाने काय दिले याचे सर्वांत बोलके उदाहरण १९५८ चे आहे. त्या काळी टूर द फ्रान्समध्ये राष्ट्रीय संघ उतरत. फ्रान्सचा, इटलीचा, बेल्जियमचा असे. लक्झेंबर्ग इतके लहान, की त्याचा पुरता संघच उभा राहत नसे. त्यांचा शार्ली गॉल हा पंचविशीतला सडपातळ पोरगा नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग यांच्या जोडसंघात घातला होता. त्या संघातल्या डच गड्यांनी त्याच्यासाठी जीव टाकावा असे काही कारण नव्हते.

त्या वर्षी टूरमध्ये तीन वैयक्तिक टाइम ट्रायल होत्या. गॉलने तिन्ही जिंकल्या. त्यांतली एक माँ व्हाँतू या उजाड डोंगरावर चढत जाणारी, साडेएकवीस किलोमीटरांची. मधल्या एका टप्प्यात तो आघाडीवरच्या खेळाडूपेक्षा पंधरा मिनिटांहून मागे पडला होता. मग आल्प्समधल्या भर पावसाच्या दिवशी त्याने ते अंतर एकट्याने घोडदौड करत जवळजवळ सगळे भरून काढले. शेवटच्या आदल्या दिवशी बझाँसों ते दिजाँ या ७४ किलोमीटरांच्या टाइम ट्रायलमध्ये उरलेले मिनिटभराचे देणे चुकते केले आणि पिवळी जर्सी अंगावर घेतली. लक्झेंबर्गची लोकसंख्या तेव्हा तीन लाखांच्या घरात होती.

पण एका गॉलने देशाचा प्रश्न सुटत नाही. त्याच्यानंतर लक्झेंबर्गच्या खात्यावर टूरचा पुढचा विजय जमा झाला तो २०१० च्या शर्यतीचा, अँडी श्लेकच्या रूपाने, आणि तोही मूळ विजेता उत्तेजक प्रकरणात बाद झाल्यावर. मधे अर्धशतक गेले. लहान ठिकाणाची हीच अडचण असते. एक असामान्य माणूस निघाला की सगळे लखलखते, आणि तो गेला की अंधार होतो. हा अंधार टाळायचा तर काय करावे लागते, ते स्लोव्हेनियाकडे पाहून कळते.

स्लोव्हेनियाचे दोन रस्ते

युगोस्लाव्हियातून बाहेर पडून १९९१ साली स्वतंत्र झालेल्या या देशातून सायकलचे दोन रस्ते फुटले. पहिला रस्ता युरे रोबिच या सैनिकाचा. हा माणूस अमेरिकेतली 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही शर्यत पाच वेळा जिंकला: २००४, २००५, २००७, २००८ आणि २०१० साली. नाशिकचा संबंध याच शर्यतीशी असल्याने तिची ओळख इथेच करून देतो.

१९८२ साली चार सायकलपटूंनी पॅसिफिकच्या किनाऱ्यावरून निघून न्यूयॉर्क गाठण्याची पैज लावली, त्यातून ही शर्यत जन्मली. पुढे बरीच वर्षे तिचा मार्ग कॅलिफोर्नियातले ओशनसाइड ते मेरीलँडमधले अ‍ॅनापोलिस असा होता. अंतर तीन हजार मैलांच्या आसपास, म्हणजे ४,८०० किलोमीटरांहून अधिक. वाटेत वाळवंट, रॉकी पर्वत, कॅन्ससची वाऱ्याने झोडपलेली सपाटी आणि शेवटी अ‍ॅपलाचियन डोंगरांचे उभे चढ. टूर द फ्रान्ससारखे रोजचे टप्पे नाहीत आणि रात्रीची सुट्टीही नाही. घड्याळ एकदा सुरू झाले की पोचेपर्यंत थांबत नाही. झोपलात तर तुमच्या खात्यातून झोपलात. दुसऱ्याच्या मागे लागून वारा वाचवायला मनाई. थोडक्यात, ही जगातली एक प्रचंड लांबीची टाइम ट्रायलच आहे. दिवसेंदिवस वाकून बसल्याने मानेचे स्नायू निकामी होतात आणि डोके वर धरता येत नाही. या दुखण्याला पहिल्या चौघांपैकी एकाच्या, मायकेल शर्मरच्या, नावाने ओळखले जाते. झोपेअभावी भास होतात. रोबिचला तर ते फार होत. २०१० च्या सप्टेंबरात घराजवळच्या डोंगरात सराव करताना मोटारीवर आदळून तो गेला.

दुसरा रस्ता क्लबांचा. ल्युब्लियाना या राजधानीत 'रोग' नावाचा सायकलींचा कारखाना होता. कारखाना बंद पडला, पण त्याच नावाचा सायकल क्लब चालू राहिला. तादेई पोगाचार थोरल्या भावाच्या मागोमाग लहानपणी या क्लबात आला. त्याची एक गोष्ट सायकलप्रेमी आवडीने सांगतात. आंद्रेई हौप्टमन हा स्लोव्हेनियाचा जुना सायकलपटू, २००१ च्या जागतिक शर्यतीतला कांस्यपदक विजेता, एकदा मुलांची शर्यत पाहायला गेला. घोळक्याच्या बऱ्याच मागे एक बारका मुलगा धडपडताना दिसला. त्याला कुणीतरी मदत करा, असे तो म्हणाला. तेव्हा त्याला सांगण्यात आले, की तो पोरगा मागे पडलेला नाही, एक फेरी पुढे जाऊन घोळक्याला मागून गाठतो आहे. तो पोगाचार. पुढे हौप्टमन त्याचा मार्गदर्शक झाला.

१९ सप्टेंबर २०२० रोजी टूरच्या शेवटच्या आदल्या दिवशी ३६ किलोमीटरांची टाइम ट्रायल होती. पिवळी जर्सी प्रिमोझ रोग्लिचच्या अंगावर. हा मूळचा स्की-जंपर, सायकलकडे मोठेपणी वळलेला. पोगाचार ५७ सेकंदांनी मागे. दोघेही स्लोव्हेनियाचे. रोग्लिचचा संघ त्या वर्षीचा सर्वांत ताकदवान संघ होता आणि तीन आठवडे त्याने घोळका मुठीत ठेवला होता. त्या दिवशी मात्र संघाचा काही उपयोग नव्हता. पोगाचारने ५७ सेकंद भरून काढले आणि वर ५९ सेकंदांची आघाडी घेतली. दोन दिवसांनी तो बावीस वर्षांचा झाला. रोग्लिचने पुढच्या वर्षी टोकियो ऑलिंपिकमध्ये टाइम ट्रायलचे सुवर्णपदक घेऊन घड्याळाशी आपला हिशेब मिटवला.

एका देशात एकाच वेळी असे दोघे निघतात तेव्हा तो केवळ योगायोग राहत नाही. मागे मुलांचे क्लब असतात, शनिवार-रविवारच्या शर्यती असतात, आणि जुना खेळाडू मैदानावर येऊन पोरे न्याहाळत उभा असतो.

आपल्याकडचे घाट

आपल्याकडे सायकल शर्यतीचे नाव काढले की मुंबई–पुणे शर्यत आठवते. १९४५ पासूनची ही शर्यत म्हणजे खास घोळक्याची शर्यत. बोरघाटात सर्वांत पुढे राहणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून गौरवायची तिची प्रथा. इंग्लंडात घोळक्याच्या शर्यतीवरची कोंडी नुकती फुटत होती, त्याच काळात आपल्याकडे सह्याद्रीचा घाट चढणारी शर्यत सुरू झाली, हे मला मोठे विलक्षण वाटते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा सायकल संघ गेला, त्यात पारशी नावे ठळक दिसतात. १९५२ आणि १९६४ सालीही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकला गेले. त्यापुढे ही वाट बंद झाली. घोळक्याच्या शर्यतीला लागते ते सारे, म्हणजे संघ, पैसा, बंद केलेले रस्ते, वर्षभराचे वेळापत्रक, आपल्याकडे तुटपुंजे राहिले.

नाशिकने धरलेली वाट वेगळी होती. इथे पोलीस अधिकारी हरीश बैजल यांच्या पुढाकारातून सायकलस्वार एकत्र आले, नाशिक सायकलिस्ट्स फाउंडेशन उभे राहिले, आणि दर वर्षी नाशिक ते पंढरपूर सायकल वारी निघू लागली. वारी म्हणजे शर्यत नव्हे, तिथे पहिला कोण हे कुणी विचारत नाही. पण तीनशेहून अधिक किलोमीटर सायकलवर जाता येते, एवढी ओळख शेकडो माणसांच्या पायांना झाली. दुसरीकडे २००, ३००, ४००, ६०० किलोमीटरांच्या ब्रेव्हे सुरू झाल्या. २०० किलोमीटरांना साडेतेरा तास, ६०० ना ४० तास, अशी त्यांची मुदत असते. तिथेही नंबर काढत नाहीत, वेळेत आलात की झाले. कसारा घाट, त्र्यंबकहून जव्हारकडे उतरणारा रस्ता, सापुताऱ्याची चढण, चांदवडचा घाट. शहरातून निघाले की सराव करायला हे सगळे हाताशी.

या वातावरणातून डॉ. हितेंद्र महाजन आणि डॉ. महेंद्र महाजन हे दोघे भाऊ पुढे आले. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. २०१५ साली दोघांच्या गटात त्यांनी रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पुरी केली. ही शर्यत पुरी करणारे ते पहिले भारतीय. आळीपाळीने सायकल चालवत, वाटेतले सगळे थांबे धरून, त्यांचा सरासरी वेग ताशी २३ किलोमीटरांच्या आसपास येतो. एवढा वेग सकाळी अर्धा तास गंगापूर रोडवर टिकवणे ज्यांना जड जाते, त्यांनी हा आकडा थोडा वेळ मनात घोळवून पाहावा.

एकट्याने शर्यत पुरी करण्याचे भारतीयांचे प्रयत्न तोवर अर्ध्यावरच संपले होते. तेव्हा नाशिकमध्ये असलेले लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१६ साली एकदा प्रयत्न केला होता, तो तडीला गेला नाही. २०१७ साली ते पुन्हा उतरले आणि ११ दिवस १८ तास ४५ मिनिटांत अ‍ॅनापोलिसला पोचले. एकट्यासाठी मुदत १२ दिवसांची असते. म्हणजे हाती सव्वापाच तास उरले होते. त्यांच्या पाठोपाठ, २ तास २६ मिनिटांनी, नागपूरचे डॉ. अमित समर्थ आले. मुदतीआधी त्यांच्याजवळ उरले होते २ तास ४९ मिनिटे. साडेचार-पाच हजार किलोमीटर तुडवून आल्यावर विदर्भ आणि नाशिक यांच्यात इतकेच अंतर राहिले. २०२० च्या नोव्हेंबरात महाजनांच्या पुढच्या पिढीतला ओम, वय वर्षे सतरा, श्रीनगर ते कन्याकुमारी हे ३,६०० किलोमीटरांचे अंतर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत गेला.

ही नावे एका ओळीत ठेवून पाहिली की एक गोष्ट नजरेत भरते. डॉक्टर, डॉक्टर, लष्करी डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टरांचा मुलगा. शरीर कसे चालते हे ठाऊक असलेली, रात्रीची जागरणे अंगवळणी पडलेली ही माणसे. आणि स्वतःच्या कमाईतून किंवा मित्रांच्या मदतीने एवढा खर्च उभा करू शकणारी. कारण ही शर्यत एकट्याची म्हणतात खरी, पण मागे गाडी असते, दुसरी गाडी असते, आठ-दहा माणसे असतात. कुणी जेवण बघतो, कुणी नकाशा, कुणी रात्री झोप येऊ नये म्हणून बोलत राहतो. या मंडळींनी मिळवलेले यश निर्विवाद आहे. घोळक्याच्या शर्यतीची शिडी आपल्याकडे नव्हती, म्हणून ही जिद्दीची माणसे घड्याळाच्या दाराने आत शिरली. लक्झेंबर्गच्या गॉलने हेच केले होते आणि स्लोव्हेनियाच्या रोबिचनेही. प्रश्न त्यांच्याबद्दलचा नाहीच. प्रश्न त्यांच्या मागून कोण येणार, हा आहे.

घड्याळाशी खेळणारे आपले आणखी दोघे

नाशिक जिल्ह्याने घड्याळाशी झुंजणारे खेळाडू याआधीही दिले आहेत, ते मात्र सायकलवर नव्हते. सावरपाड्याची कविता राऊत. तिने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ. विहिरी खोदणाऱ्याचा मुलगा, लष्करात गेला, तिथे वल्हे हातात धरले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नौकेत तेरावा आला. दोघांचेही खेळ एकट्याचे. दोघांच्याही मागे श्रीमंती नव्हती. त्यांना शिडी मिळाली: कविताला नाशिकच्या मैदानावर विजेंद्र सिंग यांच्यासारखे प्रशिक्षक, दत्तूला लष्कर. आणि दोघांच्याही बाबतीत कुणीतरी हातात घड्याळ घेऊन उभा होता, ज्याने त्यांचा वेळ मोजला आणि लिहून ठेवला.

सायकलला हे का जमू नये? चांगल्या शर्यतीच्या सायकलीची किंमत लाखांत जाते हे खरे. पण सायकल नसलेला मुलगा आपल्या जिल्ह्यात शोधावा लागेल. मानव विकास कार्यक्रमातून दुर्गम तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकली मिळतात. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या चढणींवर त्या रोज चालतात. मी रविवारी सकाळी त्र्यंबक रस्त्याला जातो, तेव्हा हेल्मेट घातलेल्या मंडळींच्या मागे कधी कधी एखादा पोरगा साध्या काळ्या सायकलवर, कॅरियरला काहीबाही बांधलेले, चपला घालून, दोन-तीन किलोमीटर लागून राहिलेला दिसतो. मग त्याचा फाटा येतो आणि तो वळून जातो. तो किती वेगाने आला हे कुणी मोजत नाही.

टाइम ट्रायलचे मोठेपण इथे आहे. ती सगळ्यांत स्वस्त शर्यत आहे. रस्ता बंद करावा लागत नाही, पोलिसांचा ताफा लागत नाही. पहाटेची वेळ, मोजून खुणा केलेला दहा किलोमीटरांचा कमी रहदारीचा रस्ता, एक घड्याळ, एक वही आणि दर आठवड्याला न चुकता येणारा एक माणूस. साध्या सायकलींची वेगळी यादी ठेवली तर पैशाचा प्रश्नही मागे पडतो. बिडलेकने १८९५ साली यापेक्षा जास्त काही वापरले नव्हते. दहा वर्षे अशी वही चालली तर तिच्यात पेठचे, दिंडोरीचे, मालेगावचे, चांदवडचे मिळून काही हजार आकडे साठतील, आणि त्यांत एखादा असा निघेल की वाचणारा दचकून पुन्हा वाचील.

युरोपातल्या दहा लाखांहून कमी लोकसंख्येच्या देशांनी १९८५ पासून आपल्यापुरते वेगळे खेळ भरवायला सुरुवात केली. सान मारिनोत पहिली स्पर्धा झाली, मग माल्टा, आइसलँड, लिश्टेनश्टाइन असे देश दर दोन वर्षांनी एकत्र येत राहिले. त्यांना ऑलिंपिकची पदके क्वचित मिळतात. पण आपल्या माणसाचा वेळ कुठेतरी मोजला जावा, नोंदला जावा आणि पुढच्याने तो मोडायचा प्रयत्न करावा, एवढी सोय त्यांनी स्वतःसाठी करून घेतली. आपल्याकडे तालुक्याच्या, जिल्ह्याच्या सायकल शर्यतींचे निकाल वर्तमानपत्रातल्या चौकटीत येतात आणि महिन्याभरात रद्दीत जातात. विजेत्याचा फोटो राहतो, वेळ राहत नाही. वेळ नसेल तर पाच वर्षांनी आलेल्या मुलाला तो कुणापेक्षा पुढे आहे हे कसे कळणार?

२०२६ च्या जानेवारीत पुण्यात आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या मान्यतेची अनेक टप्प्यांची शर्यत ठरली. तिची सुरुवात प्रोलॉगने, म्हणजे एकेकट्याला सोडायच्या छोट्या टाइम ट्रायलने, ठरली. परदेशी संघ, बंद रस्ते, गर्दी हे सारे अशा शर्यतीसोबत येते. मुंबई–पुणे शर्यतीला ऐंशी वर्षे होत असताना आपल्या रस्त्यांवर हे घडावे याचा आनंदच आहे. पण पाहुणे निघून गेल्यावर इथल्या पोरांसाठी वही उघडली जाते का, यावर त्या शर्यतीचे मोल ठरेल.

शार्ली गॉलचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. शर्यती सोडल्यावर तो माणसांतून उठला. आर्देनच्या जंगलात एका झोपडीत एकटाच राहू लागला, दाढी वाढवली, वर्षानुवर्षे कुणाला भेटेना. १९८० च्या दशकात लोकांनी त्याला परत आणले, आणि लक्झेंबर्गच्या क्रीडा खात्याने त्याला काम दिले ते अभिलेखपालाचे. जुने निकाल, जुने कागद, जुने वेळ जपण्याचे. २००५ साली तो वारला, तोवर त्याच्या त्या लहानशा देशात नव्या पोरांची एक फळी सायकलवर चढली होती. अँडी श्लेक तेव्हा वीस वर्षांचा होता.